सामाईक मूळ संख्या

"अगं स्वप्ना, खाली लाल झालंय ना! दिसत नाही का तुला?" कमलेश तिच्या पाठीमागून जाता जाता म्हणाला आणि कॉफीचा कप सांभाळत आपल्या खुर्चीकडे गेला. त्याच्या लेखी विषय संपला. स्वप्नाने मान खाली केली. मुद्दाम वाकून खाली पाहिलं, तेव्हा कुठे स्क्रीनच्या तळाशी ती लाल पट्टी दिसली. चांगली बोटभर रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लपूनछपून बसलेली नव्हती बिचारी. मघाशी कमलेश कॉफी आणायला उठला तेव्हाही ती तिथेच असणार, कारण तेव्हा तो म्हणाला होता, "झालं वाटतं तुझं," आणि तिने "कुठे रे, चालूच आहे अजून" असं उत्तर दिलं होतं. तेवढा सगळा वेळ ती त्याच स्क्रीनसमोर बसून होती, डोळे चांगले उघडे ठेवून. ठाण्यात बाळकुमच्या त्या ऑफिसात दुपारचं ऊन काचेतून टेबलावर आलं होतं, एसीचा आवाज चालू होता. लाल पट्टी म्हणजे कामात काहीतरी भलतं निघालं होतं, पण तिला पहिली भीती वाटली ती त्याची नव्हे. त्याला जाता जाता दिसलं आणि मला समोर बसून दिसलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

कामात भलतं निघालं होतं ते असं. त्यांची कंपनी सोसायट्यांच्या गेटवर बसवायच्या पेट्या बनवायची. गाडी ओळखीची असली की पेटी गेट उघडणार, नसली की वॉचमनला हाक मारणार. प्रत्येक पेटीला तिचं तिचं कुलूप, आणि कुलूप म्हणजे एक अवाढव्य संख्या, सहाशेच्या वर आकड्यांची. पेटी पहिल्यांदा चालू झाली की स्वतःच दोन मोठाल्या मूळ संख्या निवडते, त्यांचा गुणाकार करते, आणि तो गुणाकार जगजाहीर करून टाकते. करायला हरकत नाही. पंधरा म्हटलं की शाळेतलं पोर तीन आणि पाच म्हणून मोकळं होतं, पण या संख्येचे ते दोन तुकडे कोणते, हे शोधायला पृथ्वीवरची सगळी यंत्रं कामाला लावली तरी आयुष्यं पुरायची नाहीत. गुणायला सोपं, मोडायला महाकठीण. त्यांच्या सगळ्या कुलपांची भिस्त या एका गोष्टीवर. स्वप्नाचं काम असं, की नव्या पेट्यांच्या संख्या घ्यायच्या आणि प्रत्येक जोडीचा मसावि काढायचा. मसावि! शाळेतला तोच, महत्तम सामाईक विभाजक, ज्याच्या नावाने अर्धा वर्ग कपाळाला हात लावायचा. दोघींना एकाच कशाने भाग जातो का, एवढंच पाहायचं. उत्तर नेहमी एक येतं. एक म्हणजे दोघींत सामाईक असं काही नाही, ही आपल्या घरी सुखी, ती आपल्या घरी. महिनोन्महिने ती एक, एक, एक पाहत आली होती, आणि त्या कामाचा तिला मनापासून कंटाळा होता. आज त्या लाल पट्टीत उत्तर आलं होतं आणि ते एक नव्हतं. ओळीच्या ओळी भरून आकडे होते.

तिने ते वाचायला घेतले. आणि गंमत बघा, वाचताना काडीचीही अडचण नव्हती. इवले इवले आकडे, एकाला एक खेटून बसलेले, आणि प्रत्येक तिला स्वच्छ दिसत होता. शेवटचा सात. तीनशेहून जास्त आकड्यांची मूळ संख्या. तिच्या तोंडावर तसं काही लिहिलेलं नसतं. शेवटी एक, तीन, सात नाहीतर नऊ, एवढं सोडलं तर ती शेजारच्या कुठल्याही संख्येसारखीच. ती मूळ आहे हे कुणी भागून भागून पाहत नाही, ते होण्यातलंच नाही. तिच्यापुढे साक्षीदार उभे करतात. कुठलीही एक संख्या उचलायची, तिचे घात करत न्यायचे, समोरच्या संख्येने भागायचं आणि बाकी काय उरते ते पाहायचं. समोरची मोडणारी असेल तर बहुतेक साक्षीदार लगेच चुगली करतात. पण एकामागून एक पुष्कळांनी 'आमची काही तक्रार नाही' म्हटलं, की तिला मूळ मानायचं. एम.एस्सी.ला असताना हे पहिल्यांदा ऐकून स्वप्ना चक्रावलीच होती. गणितात साक्षीपुरावे! कुणी विरुद्ध बोललं नाही म्हणून खरं? आणि त्याहून विचित्र म्हणजे, साक्षीदार जेव्हा सांगतात की ही मोडते, तेव्हा ती नेमकी कुठे मोडते हे त्यांनाही ठाऊक नसतं. मोडते, हे पक्कं. कुठे, ते विचारू नका. स्वप्नाने मानेवरून हात फिरवला. जानेवारीपासून तिला स्वतःबद्दल साधारण एवढीच माहिती होती.

जानेवारीत ठाकुर्लीच्या पुलावरून उतरताना तिला शेवटची पायरी दिसली नाही. तिच्या दृष्टीने जिना संपला होता आणि रस्ता सुरू झाला होता. पाय हवेत गेला आणि ती गुडघ्यांवर आपटली. लोकांनी उचललं, एका बाईने पाण्याची बाटली पुढे केली, "चक्कर आली का ताई?" विचारलं, आणि स्वप्नाने हो म्हणून टाकलं, कारण चक्कर ही सगळ्यांना समजणारी गोष्ट आहे. मग एकदा घरात पायलची बॅग पायात आली. पायलला तिने असलं फैलावर घेतलं! "घर आहे का धर्मशाळा? कुठेही काहीही टाकायचं?" पोरगी अकरावीतली, ती ऐकून घेतेय? "मम्मी, एवढी मोठी लाल बॅग आहे, तुला दिसत नाही?" त्यानंतर स्वप्नाने स्कूटर सोडली. रस्ते खोदून ठेवलेत, मेट्रोची कामं चालू आहेत, हे कारण सगळ्यांना पटलं. नवरा, महेंद्र, नोकरीला पुण्यात, शनिवार-रविवारपुरता घरी येणार, त्याला पायऱ्या आणि बॅगा कुठून कळायच्या. शेवटी टेंभी नाक्याजवळच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती एकटीच जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी दिवा मारून पाहिलं, डोळ्यातला दाब मोजला आणि म्हणाल्या, दाब तसा ठीक आहे, पण मागची नस बघून काचबिंदूची शंका येते. "घरात कुणाला आहे का? आई, वडील?" "छे हो," स्वप्ना म्हणाली. "माझे बाबा पंचाहत्तरीला आलेत, अजून सुईत दोरा ओवतात." बाईंचा चेहरा जरा सैल झाला. घरात असतं तर उद्याच्या उद्या बोलावलं असतं, त्या म्हणाल्या, पण नाही म्हणता तर सवडीने या आणि नजरेच्या कडांची तपासणी करून घ्या. काचबिंदू कडेकडेने खात येतो, मधलं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाने राखता येतं. एवढं सगळं त्यांनी समजावून सांगितलं, आणि त्यातला 'सवडीने' हा एक शब्द स्वप्नाने पदरात बांधून घेतला. तपासणी केलीच नाही तर काही झालेलंच नसतं, अशी काहीतरी तिची समजूत. एवढं गणित शिकलेली बाई, पण स्वतःपुढे साक्षीदार उभा करायची तिची छाती होत नव्हती.

"काय गं, एवढा वेळ काय बघतेयस?" कमलेश खुर्ची ढकलत जवळ आला आणि त्याने ओळी वाचल्या. "च्यायला! दोन पेट्यांत सेम प्राइम? लॉटरी लागली की आपली."

"लॉटरी कसली? असं योगायोगाने होतच नाही," ती म्हणाली. खरंच होत नाही. एवढ्या आकड्यांच्या मूळ संख्या इतक्या आहेत की कळव्यापासून दुर्गाडीपर्यंत खाडीतल्या वाळूचा कण न् कण मोजला, आणि प्रत्येक कणाच्या जागी पुन्हा एक खाडी ठेवली, तरी त्यांच्या पासंगाला पुरणार नाही. त्यातून दोघींनी नेमकी एकच उचलायची? तिने पेट्यांचे नंबर पाहिले आणि तिच्या लक्षात आलं. दोन्ही एकाच खोक्यातल्या. एकाच टेबलावर, खोक्यातून काढल्या काढल्या चालू केलेल्या. यंत्राला काही मनाने निवडायचं तर त्याच्याजवळ थोडीफार गडबड साठलेली असावी लागते. कुणी बटण दाबलं, कुठून आवाज आला, घड्याळ किती पुढे गेलं, त्या गोंधळातून ते आपली संख्या काढतं. या दोघींचं अजून काही घडलेलंच नव्हतं. घड्याळसुद्धा दोघींचं एकाच ठिकाणी. म्हणून पहिली संख्या दोघींनी एकच उचलली, आणि दुसरीपर्यंत घड्याळं जराशी मागेपुढे झाली म्हणून ती वेगळी आली.

"पण या दोन्ही मी स्वतः चेक केलेल्या," कमलेश म्हणाला. "एकदम सॉलिड होत्या यार. काय वाट्टेल ते कर, तुटणार नाहीत."

"एकेकटी नाहीच तुटणार. दोघींना शेजारी ठेव, आणि मोठीला धाकटीने भाग दे, मग बाकीने धाकटीला भाग दे, असं करत जा. शाळेत करायचो तसं. डोळ्याची पापणी लवायच्या आत सामाईक ती बाहेर पडते आणि दोन्ही कुलपं उघडतात."

"आणि शेजारी ठेवल्याच नसत्या तर?"

"तर कुणाला कधी कळलंच नसतं," स्वप्ना म्हणाली. तिने मेल लिहिला, दोन्ही पेट्या बाजूला काढायला सांगितल्या, संख्या निवडण्याआधी पेटीने थोडं थांबायला हवं असं सुचवलं, आणि डोकं दुखतंय सांगून ती निघाली. खाली उतरून तिने मोबाईलवर गाडी बोलावली. ठाकुर्लीचा पत्ता टाकायला गेली आणि टाकला कल्याणचा, लाल चौकीजवळचा, आईबाबांचा. दोन महिने ती तिकडे फिरकली नव्हती. आईची नजर करडी, तिला कळलं असतं.

गाडी कशेळीच्या पुलावरून, गोदामांच्या आणि मेट्रोच्या खांबांच्या मधून रांगत होती. बाबा, शिवराम गमरे गुरुजी, नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या नजरेचा दरारा! फळ्यावर लिहीत असायचे, वर्गाकडे अर्धी पाठ, आणि हातातला खडू न थांबवता म्हणायचे, "दगडू, खिडकीबाहेर तुझा मामा आलाय का?" डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना मागच्या बाकापर्यंतचं दिसायचं. चाळीत ते संध्याकाळी मुलांना फुकट शिकवायचे, आणि तिथेच एकदा, लहानगी असताना, स्वप्नाने त्यांना विचारलं होतं की सगळ्यात शेवटची मूळ संख्या कोणती. तेव्हा त्यांनी तिला गॅलरीत बसवून सांगितलं, समज तुला वाटलं की आता या सगळ्या झाल्या, आणखी नाहीत. मग त्या सगळ्यांचा गुणाकार कर आणि त्यात एक मिळव. आता या नव्या संख्येला तुझ्या यादीतल्या कुणानेही भाग घालून बघ, दरवेळी बाकी एक उरणार. म्हणजे एक तर ती स्वतःच मूळ आहे, नाहीतर तिच्या पोटात अशी एखादी मूळ संख्या आहे जी तुझ्याकडे आलेलीच नाही. "म्हणजे संपल्या असं कधी म्हणताच येणार नाही?" तिने विचारलं होतं. "कधीच नाही," बाबा म्हणाले होते, आणि असे खुशीत हसले होते की जणू त्या सगळ्या त्यांच्या घरच्याच होत्या. पुढे स्वप्ना जे काही शिकली ते त्या हसण्यापायी. त्याच घरात मात्र दुखणं सांगायची पद्धत नव्हती. ताप आला तर 'जरा कसर आहे' म्हणायचं. आईला मूतखडा झाला तो दवाखान्यात नेल्यावर कळला. बाबांना तर याचा अभिमानच होता, आमच्या घरात कुणाला साधं पडसं होत नाही म्हणून. दुर्गाडीचा पूल लागला तेव्हा स्वप्नाने ठरवून टाकलं की नुसतं जेवून परत यायचं, काही बोलायचं नाही.

दार उघडंच होतं. आई, रमाबाई, आतल्या उंबऱ्यापाशी टोपली घेऊन मेथी निवडत बसली होती. "अगंबाई! रस्ता चुकलीस की काय? आहोत बरं आम्ही, जिवंत आहोत." बाबा खिडकीशी चाळिशीचा चष्मा लावून पेपर वाचत होते. "ये गं. हे बघ, आज यांनी कोडंच चुकीचं छापलंय, आडवा सातवा शब्द बसतच नाही," ते म्हणाले आणि बारीक चौकोनांवर त्यांनी अचूक बोट ठेवलं. मग उठले. "बस, तुला पाणी आणतो."

"मी आणते ना, तुम्ही बसा," आई घाईने म्हणाली. पण ते निघाले होते. आईने मान वर न करता टोपली पायाने बाजूला सरकवली. बाबा उंबऱ्यापाशी आले, थांबले, उजवा हात चौकटीवर गेला, आणि उजवा पाय जमिनीवरून हलकेच पुढे सरकला. अंगठा उंबऱ्याला लागला. मग पाय उचलला आणि पलीकडे पडला. सगळं इतकं सहज की डोळ्यात भरू नये. पाणी घेऊन येतानाही तेच, हात, अंगठा, मग पाऊल. स्वप्ना बघत राहिली. त्यांचं हे असं चालणं तिने किती वर्षं पाहिलं होतं आणि म्हातारपण समजून सोडून दिलं होतं. आज सकाळी आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरताना तिचा अंगठाही असाच पुढे सरकला होता. तोच पाय, तेच थांबणं, तोच चौकटीवरचा हात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं, आणि नीट वाकून, बघून ठेवलं.

"बाबा, मला खालचं दिसत नाही," ती म्हणाली. ठरवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. "समोरचं दिसतं, बारीक अक्षर दिसतं. पायरी दिसत नाही. जानेवारीत मी पडले. डॉक्टर म्हणतात काचबिंदू असेल. त्यांनी विचारलं घरात कुणाला आहे का, मी नाही म्हणाले. खरं सांगितलं ना मी?"

बाबांनी पेपराची घडी घातली. घडीवर पुन्हा घडी घातली. आईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "सांगा आता," ती म्हणाली. "का मी सांगू? एवढी वर्षं शपथ घालून माझं तोंड बांधलंत. बोला की!"

"आहे," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

"मी नोकरीत होतो तेव्हापासून. फळ्याकडे तोंड करून उभा होतो आणि मागे दोन पोरं मारामारी करत होती, मला कळलंच नाही. मला! डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, मुलीला दाखवून घ्या, हे रक्तातून येतं. मी म्हटलं, दाखवतो. पण तेव्हा तुझं लग्न ठरत होतं. महेंद्रच्या घरचे बघायला यायचे होते. म्हटलं, आत्ता नको. मग पायल झाली. म्हटलं, बाळंतीण आहे, आत्ता नको. असं ते राहतच गेलं."

स्वप्नाला भयंकर राग आला. हाच माणूस! याच माणसाने तिला एक मिळवून यादीबाहेरचं शोधायला शिकवलं होतं. "तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मला तेव्हाच औषध मिळालं असतं, बाबा! माझं गेलंय ते आता परत येणार नाही. कळतंय का तुम्हाला? परत येत नाही ते!" तिचा आवाज चढला, शेजारच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बारीक केला, आणि तिला त्याची पर्वा वाटली नाही. बाबा मान खाली घालून बसले होते. त्यांना तिने कधी असं पाहिलं नव्हतं.

"आणि तू गं?" आई एकदम म्हणाली. तिने टोपली बाजूला ढकलली. "जानेवारीपासून तू कुणाला सांगितलंस? नवऱ्याला? मला? दोघं एकाच माळेचे मणी! पायलला तरी बोललीस?"

"पायलला कसं सांगणार? तिचं बारावीचं वर्ष येतंय, ती झाली की..." आणि स्वप्नाची जीभ तिथेच अडखळली. हे तिने खरोखरच ठरवून ठेवलं होतं. बारावी झाली की सांगू. मग प्रवेशाची गडबड झाली असती, मग आणखी काही. रक्तातून येतं ते तिच्याशी थांबणार नव्हतं, पुढे पायलच होती, आणि तरी ती पायलचं वर्ष सांभाळत बसली होती, जसं बाबांनी तिचं लग्न सांभाळलं होतं. बाबा वाईट नव्हते. त्यांना भीती वाटत होती. भीतीही तीच, तिच्यावर पांघरूण घालायची रीतही तीच, आणि एवढी वर्षं दोघं आपापल्या घरी पक्की कुलपं लावून बसली होती. राग गेला नाही. पण तो आता नुसता बाबांवर करता येईना, आणि स्वतःवर करायचा तर बळ नव्हतं. ती भिंतीला टेकली आणि रडायला लागली, आवाज न करता, लहानपणी नापास होण्याच्या भीतीने रडायची तशी.

बाबा उठले. यावेळी त्यांनी लपवलं नाही. सरळ दोन्ही पायांनी जमीन चाचपत ते तिच्यापर्यंत आले आणि तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, मांडी घालून बसले. "पूस डोळे," ते म्हणाले, आणि आवाज एकदम शाळेतला आला. "उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येतो. पायललाही घेऊ. आत्ता सरळ बस. माझ्या नाकाकडे बघ, फक्त नाकाकडे. मी तुझ्या नाकाकडे बघतो. दर वेळी माझं असंच बघतात ते. मी बोट खालून वर आणणार. दिसलं की सांगायचं. अंदाजाने नाही, दिसलं की."

"बाबा, आत्ता कशाला..."

"नाकाकडे बघ म्हटलं ना."

ती नाकाकडे बघू लागली. त्यांच्या नाकावर चष्म्याचे दोन खड्डे होते आणि वर ते डोळे, ज्यांना आख्खा वर्ग घाबरायचा. आता इतक्या जवळून तिला दिसलं की ते पाण्याने भरलेत, पण हलत नव्हते. खाली त्यांचा हात कुठे होता, तिला कळत नव्हतं. दोघांच्या मधल्या जागेत, जिथे असायला हवा, तिथे काहीच नव्हतं. आई बाजूला बसली होती. तिला सगळं दिसत होतं. मांडीपासून निघालेलं बोट, अगदी सावकाश वर येणारं, पोटाशी, आणखी वर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हे दोन चेहरे, एकमेकांवर नजर लावून वाट बघणारे. तिने तोंडावर पदर धरला आणि 'अगं, हे काय समोरच आहे' हे ओठांवर आलेलं तिने मोठ्या कष्टाने गिळलं. बोट छातीपर्यंत आलं. मग स्वप्नाला खालच्या धुरकटातून काहीतरी उगवलेलं जाणवलं, हललं, नख चमकलं.

"आता," ती म्हणाली. "आता दिसलं, बाबा."

बोट तिथेच थांबलं. बाबा अजून तिच्या नाकाकडेच बघत होते. त्यांनी थोडं थांबून पाहिलं, आणखी थोडं थांबले, आणि मग त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"मला अजून नाही दिसलं," ते म्हणाले. "तुझं माझ्याहून जास्त उरलंय. रमा, ऐकलंस का? मला अजून नाही दिसलं!"